विक्रमाच्या दुसऱ्या दिवशी

मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने रणजी करंडक जिंकला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ धावा काढल्या. जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक पटकावला. नागपूरला तरुण यशाची सवय होऊ लागली आहे. म्हणूनच यशानंतर काय, याबद्दल प्रशिक्षकांशी आताच बोलले पाहिजे.

कल्याणचा प्रणव धनावडे आठवा. जानेवारी २०१६ मध्ये, पंधराव्या वर्षी, एका शालेय सामन्यात त्याने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या रिक्षाचालक वडिलांच्या घरासमोर देशभरचे कॅमेरे येऊन थांबले. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या आणि २०१७ मध्ये वडिलांनीच शिष्यवृत्ती थांबवा, असे संघटनेला कळवले. त्या विक्रमी सामन्यात प्रतिस्पर्धी शाळा आधीच ३१ धावांत गारद झाली होती, तरीही डाव १४६५ पर्यंत लांबवला गेला; दुसऱ्या डावात ती ५२ धावांत आटोपली. धावा मुलाने काढल्या, डाव चालू ठेवायचा निर्णय मात्र मोठ्यांचा होता. पुढची प्रत्येक खेळी त्या एका आकड्याशी ताडून पाहिली जाणार, हे तेव्हा कोणाच्या मनात आले होते?

विनोद कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली. सतरा कसोटींत ५४.२० ची सरासरी असूनही शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पृथ्वी शॉने अठराव्या वर्षी पदार्पणातच कसोटी शतक केले, पण २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला एकाही संघाने घेतले नाही. पुढच्या वर्षी महाराष्ट्राकडून त्याने रणजीत द्विशतक केले. म्हणजे परतीची वाट असते.

अशा वेळी ‘पोराच्या डोक्यात हवा गेली’ म्हणून आपण हात झटकतो. मला हे अन्यायाचे वाटते. मोठ्या खेळीनंतरच्या महिन्यात मुलगा नेटमध्ये सरावाला उशिरा येतो, खांदा दुखतो म्हणतो, सोप्या गोलंदाजांकडूनच चेंडू मागतो. यात माज शोधू नका, बहुतेकदा ती भीती असते. कालच्यासारखे आज जमले नाही तर लोक काय म्हणतील, ही भीती. ती घरी बोलता येत नाही, कारण घरात सत्काराच्या शाली अजून घडी घालून ठेवायच्या असतात. स्नायू दुखावला तर आपल्याकडे आठवड्यागणिक पुनर्वसनाचा तक्ता तयार असतो. यशानंतरचा तक्ता कोणत्या अकादमीत आहे?

तो करायला पैसा लागत नाही. विक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सराव नेहमीच्या वेळी घ्या. सत्काराच्या तारखा प्रशिक्षकाला विचारूनच ठरतील, असे पालकांना आधीच बजावा. शाळा सोडू देऊ नका. आणि मुलगा पहिल्यांदा शून्यावर बाद होईल, त्या संध्याकाळी त्याच्या घरी जा. कोणी असा तक्ता केला असेल तर तो आमच्याकडे जरूर पाठवा, पुढच्या अंकात छापू.