तवंग ओसरला, संशय उरला

भिवंडी म्हटले की आज यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. या नगराचे समुद्राशी असलेले नाते मात्र विस्मरणात गेले आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि येथील खाड्यांच्या आश्रयाने शिवछत्रपतींनी आरमाराची जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. पुढे वसईच्या मोहिमेत याच तालुक्यातील अंजूरचे गंगाजी नाईक चिमाजी अप्पांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७३९ मध्ये वसईवरील पोर्तुगीजांचा अंमल संपला. काल्हेर, कशेळी, अंजूर, अलिमघर, कोन ही खाडीकाठची गावे त्या इतिहासाची वारसदार आहेत. भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग आणि मासळीची चाल हे येथील आगरी-कोळी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शास्त्र आहे. समुद्रावर काही अनिष्ट घडले, तर पहिली साक्ष याच समाजाची घेतली गेली पाहिजे. प्रत्यक्षात साक्षीदार बाहेर उभा राहतो आणि निवेदन वातानुकूलित दालनातून प्रसृत होते. तेलगळतीनंतर सरकारी दाव्यांवर जनतेचा विश्वास का बसत नाही, या प्रश्नाचे उत्तर या विसंगतीत दडलेले आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडत होते, तर ‘खलिजिया’ आत येत होते. ‘चित्रा’वर १,२१९ कंटेनर आणि अडीच हजार टनांहून अधिक इंधन होते. जहाज एका कुशीवर कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल वाहू लागले आणि देशाची दोन मोठी बंदरे काही दिवस बंद ठेवावी लागली. ३१ कंटेनरांत कीटकनाशकांसह घातक रसायने होती. गळतीचे मोजमाप प्रारंभी ताशी काही टन असे सांगितले गेले. दोन-तीन दिवसांत गळती थांबल्याचे जाहीर झाले. एकूण तेल सुमारे ८०० टन सांडले, हा आकडा पुढे रूढ झाला. तोवर उरण, घारापुरी, शिवडी, वाशी, अलिबाग या परिसरांतील किनाऱ्यांवर आणि तिवरांच्या मुळांशी काळा चिकट थर साचला होता.

हा अपघात कोणत्या दिवसांत घडला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. पावसाळ्यातील मासेमारीबंदी संपून होड्या पाण्यात लोटण्याची वेळ आली होती. दोन महिने हात बांधून बसलेल्या, जाळी आणि इंजिनासाठी कर्ज काढलेल्या कोळ्याच्या हंगामाचा आरंभच काळवंडला. मुंबईच्या धक्क्यांवरून निघणारी मासळी ठाणे, कल्याण, भिवंडीच्या बाजारांत जाते. तेथील ग्राहकाने मासळीकडे पाठ फिरवली, तर भुर्दंड कोणाला? जहाजाच्या मालकाला नव्हे, बंदराच्या अधिकाऱ्यालाही नव्हे. तो टोपलीपाशी बसलेल्या कोळिणीलाच पडतो. मासळी खाण्यास योग्य आहे असे शंभर वेळा सांगितले, तरी सांगणाऱ्याच्या शब्दाला किंमत उरली नसेल, तर टोपली भरलेलीच राहते. अविश्वासाचे मोल असे रोख मोजावे लागते.

दोघेही खरे, तरी विसंवाद

सरकारी अधिकारी दर वेळी खोटेच बोलतात, असे मानणे अन्यायाचे ठरेल. तटरक्षक दलाच्या जवानांनी अशा अनेक प्रसंगी जीव धोक्यात घालून काम केले आहे. प्रश्न आहे तो काय मोजले आणि काय सांगितले, यातील अंतराचा. हेलिकॉप्टरमधून पाहणाऱ्याला पाण्यावरचा तवंग दिसतो. जहाजांचे जड इंधन तेल मात्र तवंगापुरते राहत नाही. त्याचा हलका अंश उडून जातो. उरलेला लाटांच्या घुसळणीने पाणी शोषून घेतो आणि मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट आकारमानाचा तपकिरी लगदा तयार होतो. त्याचे डांबरगोळे होऊन ते दूरच्या किनाऱ्याला लागतात. भरतीबरोबर खाडीत शिरलेले तेल तिवरांच्या श्वसनमुळांवर बसते, चिखलात मुरते आणि तेथे वर्षानुवर्षे राहू शकते. खेकडे, कालवे आणि निवट्या याच चिखलात जगतात.

म्हणून ‘समुद्रावर आता तवंग नाही’ हे अधिकाऱ्याचे वाक्य खरे असू शकते आणि ‘चिखलात पाय घातला की तेल वर येते’ हे कोळ्याचे वाक्यही तितकेच खरे असू शकते. सरकारी निवेदन मात्र पहिले वाक्य उच्चारून ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ असा निष्कर्ष काढते. ज्याच्या पायाला तेल लागले आहे, त्याला तो निष्कर्ष थट्टेसारखा वाटतो.

संशय एका दिवसात निर्माण होत नाही. तो घटनांनी पोसला जातो. ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ हे जहाज एकही माणूस नसताना अरबी समुद्र ओलांडून जुहूच्या किनाऱ्याला लागले. महिनाभर आधी ओमानजवळ त्यावरील खलाशांची सुटका झाली होती आणि जहाज बुडाले असे गृहीत धरले गेले होते. कागदावर बुडालेले जहाज प्रत्यक्षात मुंबईच्या दारात उभे राहिले, तेही २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तीन वर्षे झाली नसताना! त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, ‘रॅक कॅरियर’ हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात ६० हजार टनांहून अधिक कोळसा, सुमारे २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल होते. त्याच्या प्रदूषणाबद्दल संबंधित जहाज कंपन्यांनी १०० कोटी रुपये भरपाई द्यावी, हा राष्ट्रीय हरित लवादाचा निर्णय ऑगस्ट २०१६ मध्ये आला. दाद मागितली होती मुंबईच्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने. पाच वर्षांनी, एका नागरिकाच्या चिकाटीमुळे जे निष्पन्न झाले, ते शासनाने आपण होऊन का घडवून आणले नाही, असा प्रश्न सामान्य माणसाने विचारला तर त्याला काय उत्तर द्यायचे?

२०१० मध्ये केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे आणि राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे शासन होते. जहाजांच्या इंधन तेलाने होणाऱ्या प्रदूषणाच्या भरपाईसंबंधीचा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार तोवर भारताने स्वीकारला नव्हता. तो २०१५ मध्ये स्वीकारला गेला आणि ती निश्चितच पुढची पायरी होती. परंतु करार बदलला म्हणून नोकरशाहीचा स्वभाव बदलत नाही. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा बंदराच्या पहिल्या निवेदनात प्रदूषण झाले नसल्याचे सांगितले गेले. पुढील दिवसांत शंभर टनांहून अधिक तेलमिश्रित गाळ किनाऱ्यावरून उपसावा लागला. स्वयंसेवक आणि विद्यार्थी बादल्यांनी तो उपसत असल्याची छायाचित्रे देशाने पाहिली. सत्ता बदलली, पहिले निवेदन बदलले नाही.

हा रोग केवळ भारतीय आहे, अशा न्यूनगंडाचेही कारण नाही. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’चा स्फोट झाला, तेव्हा प्रारंभी दिवसाला एक हजार, मग पाच हजार पिंपे तेल वाहत असल्याचे सांगितले गेले. शास्त्रज्ञांचा पुढील अंदाज साठ हजार पिंपांच्या घरात गेला. गळतीच्या प्रमाणाविषयी अमेरिकी संसदेची दिशाभूल केल्याचा गुन्हा ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीला २०१२ मध्ये कबूल करावा लागला. मात्र तेथे खोट्या आकड्याला शिक्षा झाली. येथे कोणत्या पहिल्या आकड्याचा जाब कोणाला द्यावा लागला?

मोजणारा कोण?

मर्म येथे आहे. तेलगळतीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आपत्ती योजना अस्तित्वात आहे. तीनुसार बंदराच्या हद्दीत बंदराने, तेलक्षेत्राच्या भोवती तेल कंपनीने, खुल्या समुद्रात तटरक्षक दलाने आणि किनाऱ्यावर राज्य यंत्रणेने जबाबदारी पार पाडायची आहे. व्यवस्था म्हणून ही विभागणी समजण्यासारखी आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, ज्याच्या हद्दीत अपघात घडला, तोच बहुधा त्याचे पहिले मोजमाप जाहीर करतो. आरोपीनेच पंचनामा लिहावा आणि फिर्यादीने त्यावर विश्वास ठेवावा, असे गावचा पोलीस पाटीलही मान्य करणार नाही. तेल मात्र पाण्यातून वाहते. त्याला हद्द कळत नाही.

दुसरा दोष गुप्ततेचा आहे. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले. तेव्हा किनाऱ्यावरील मच्छीमारांचा पहिला प्रश्न होता, आत नेमके काय आहे? भिवंडीकरांना हा प्रश्न नवा नाही. बंदरातून निघालेले कंटेनर याच तालुक्यातील गोदामांत रिते होतात. पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या पट्ट्यात एखाद्या गोदामाला आग लागली की आत कोणते रसायन होते, हे अनेकदा आग विझल्यावरच कळते. धुराने डोळे चुरचुरत असताना ‘धोका नाही’ असे ऐकलेला माणूस समुद्रावरच्या आश्वासनाकडेही त्याच नजरेने पाहणार.

खरा आकडा तत्काळ सांगितल्याने घबराट पसरते, असा युक्तिवाद अधिकारी वर्ग करतो. अनुभव उलट आहे. घबराट आकड्याने पसरत नाही, दोनदा बदललेल्या आकड्याने पसरते. शिवाय पोकळी रिकामी राहत नाही. शासनाचा शब्द जेथे उणा पडतो, तेथे प्रत्येक बंदराला, प्रत्येक प्रकल्पाला विरोध हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचा शब्द शिरतो. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प राष्ट्राच्या सागरी सामर्थ्याचा भाग आहे. परंतु तेथील मच्छीमाराच्या मनातील भीतीला विरोधकांनी भडकवलेली भीती म्हणून झटकणे, ही आत्मवंचना ठरेल. ‘चित्रा’नंतर काय झाले, हे त्याने ऐकले आहे. राष्ट्रहिताचे प्रकल्प केवळ काँक्रीटवर उभे राहत नाहीत. त्यांना समाजाच्या विश्वासाचाही पाया लागतो.

राजधर्म कशाला म्हणावे?

या भूमीच्या राज्यपरंपरेला हे ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे आणि वादळात सापडलेल्या नौकेवर त्याने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा, असे तेथे सांगितले आहे. शिवछत्रपतींनी १६७३ मध्ये चिपळूण येथील लष्कराला पाठविलेले पत्र सर्वश्रुत आहे. रयतेला उपद्रव झाला तर लोक तुम्हांला मोगलांहून वाईट समजतील, अशी जाणीव त्यात दिलेली आहे. लोक काय समजतील, याची चिंता प्रत्यक्ष छत्रपतींना होती. आजच्या बंदर अधिकाऱ्याला ती क्षुल्लक वाटावी काय?

उपाय अवघड नाहीत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी खाडीकाठच्या गावांतील पाणी, चिखल आणि मासळी यांचे नमुने घेऊन निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, तर अपघातानंतर तुलनेला आधार मिळेल. आधीची स्थितीच नोंदलेली नसेल, तर हानी सिद्ध कशी करायची? गळतीनंतरचा पंचनामा तहसीलदार, मच्छीमार सहकारी संस्थेचे प्रतिनिधी आणि जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील अध्यापक यांच्या समक्ष व्हावा. पहिला आकडा अंदाज म्हणूनच, तो कसा काढला हे सांगून द्यावा आणि तो बदलला तर कारणासह बदलावा. धोकादायक मालाची यादी त्याच दिवशी जाहीर व्हावी. तेलालाही रासायनिक ठसे असतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनाऱ्यावरील डांबरगोळ्यांचे मूळ अशा ठशांवरून शोधले आहे. हे सामर्थ्य देशात असताना ‘स्रोत अज्ञात’ हा शेरा मान्य करण्याचे कारण नाही. आणि किती भरपाई मिळाली, कोणाला मिळाली, याचा हिशेब वर्षाच्या आत त्याच गावात वाचून दाखवावा.

केवळ शासनाकडे बोट दाखवून समाजाचे कर्तव्य संपत नाही. शिकलेल्या आगरी-कोळी तरुणांनी आपापल्या खाडीची नोंदवही ठेवावी. कोणत्या तिथीला कोणती मासळी मिळाली, पाण्याला कधी दर्प आला, तिवर कोठे वाळला, हे तारखेसह लिहावे. आपत्तीत धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांनी बादलीइतकेच या वहीला महत्त्व द्यावे. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करणारा समाज त्याला देव मानतो. देवाच्या अंगावर काळे फासले गेले, तर किती फासले आणि कोणी फासले, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्या प्रश्नाला आकड्यानिशी, पुराव्यानिशी आणि वेळेत उत्तर देणे, हाच तेथील राजधर्म होय.