प्रतिभा, पत्ते आणि आपली एक दंतकथा

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे काव्याचे तीन स्वतंत्र हेतू मानलेले नाहीत. तिन्ही मिळून एकच हेतू मानला आहे. हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पुढच्याच तासाला अकाली गेलेल्या एखाद्या कवीविषयी बोलताना मात्र त्याचे व्यसन, त्याची कर्जे, त्याची वाताहत ही जणू प्रतिभेचीच खूण होती, असे सुचवून आम्ही मोकळे होतो. ही विसंगती आम्हाला प्रथम जाणवली ती पोकर या पत्त्यांच्या खेळाविषयी वाचताना.

‘ऑब्झर्व्हर’चे एकेकाळचे काव्य-संपादक आणि समीक्षक ए. अल्वारेझ यांनी लास व्हेगासमधील १९८१ च्या ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’वर ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ (१९८३) हे पुस्तक लिहिले. त्या वर्षीचा विजेता होता स्टू अंगर. न्यूयॉर्कमध्ये १९५३ साली जन्मलेला हा मुलगा आधी जिन रमी या खेळात इतका अजिंक्य ठरला की, त्याच्याशी खेळायला कोणी तयार होईना. १९८० मध्ये तो या स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरला आणि जिंकला. १९८१ मध्ये पुन्हा जिंकला. त्यानंतर १६ वर्षांनी, कोकेनने पोखरलेल्या देहानिशी, दुसऱ्याने भरलेल्या १० हजार डॉलरच्या प्रवेशशुल्कावर तो १९९७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. बक्षीस होते १० लाख डॉलर. पुढच्या वर्षीही त्याचे शुल्क भरले गेले होते, पण तो खेळायला आलाच नाही. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी व्हेगासमधील एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ४५.

ही कथा सांगायला सोपी आहे, कारण तिचा साचा आपल्या ओळखीचा आहे. पण १९८० च्या अंतिम डावात अंगरसमोर कोण बसले होते, हे सहसा सांगितले जात नाही. तो होता टेक्सासचा डॉयल ब्रन्सन. पायाच्या दुखापतीने बास्केटबॉल सुटलेला, शैक्षणिक प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतलेला, म्हणजे एखाद्या शाळेचा मुख्याध्यापक सहज झाला असता असा माणूस. १९७६ आणि १९७७ ची मुख्य स्पर्धा त्याने जिंकली. पुढे त्या-त्या प्रकारातील जाणकारांना सोबत घेऊन त्याने पोकरचे सविस्तर पाठ्यपुस्तक लिहिले. ते ‘सुपर/सिस्टिम’ या नावाने ओळखले जाते. आपली विद्या उघड केल्याने आपलेच नुकसान झाले, अशी कबुली त्याने नंतर दिली. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला. ऐंशी ओलांडल्यावरही तो मोठ्या रकमांचे डाव खेळत होता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पैशाविषयीची बेफिकिरी हीच अंगरची ताकद होती. ती काढून घेतली तर तो उरतोच कुठे? पोकरमध्ये पैशाला पैसा मानणारा माणूस घाबरतो आणि हरतो, हे खरेच आहे. परंतु समोरच्यावर सतत चढाई करा, हे ब्रन्सनच्या पुस्तकाचेही मुख्य सूत्र आहे. टेबलावर तोही निर्भयच होता. तो काही संत नव्हता. गोल्फवर त्यानेही मोठमोठ्या पैजा लावल्या. मात्र अचूक खेळूनही आजचा डाव हरता येतो, म्हणून उद्या खेळता येईल इतके राखून ठेवायचे असते, हे या व्यवसायाचे पहिले पथ्य. अंगरला ते कधी जमले नाही. पोकरच्या टेबलावर कमावलेले त्याने घोड्यांच्या शर्यतींवर, खेळांवरील सट्ट्यात आणि नशेत घालवले. म्हणजे ज्या क्षेत्रात त्याची प्रतिभा होती, तिथे त्याचा नाश झाला नाही. ज्या क्षेत्रांत ती मुळीच नव्हती, तिथे झाला. मग त्या नाशाचे श्रेय आपण प्रतिभेला का देतो?

अल्वारेझ यांनीच ‘द सॅव्हेज गॉड’ (१९७१) मध्ये सिल्व्हिया प्लाथच्या मृत्यूविषयी लिहिताना काव्यासाठी बळी गेलेल्या कवयित्रीची दंतकथा नाकारली होती. त्यांच्या लेखी तो मृत्यू एका असामान्य कवयित्रीचा चुकून, फार लवकर झालेला अंत होता. स्वतः आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाचे हे म्हणणे आम्हाला वजनदार वाटते.

आमच्या विभागात काही वर्षांपूर्वी उत्तम कविता लिहिणारा एक विद्यार्थी होता. तो तासांना येईनासा झाला, मित्रांकडून उसने पैसे घेऊ लागला, तेव्हा ‘कवी आहे, असे चालायचेच’ म्हणून आम्ही प्राध्यापक-कक्षात हसलो होतो. त्याने परीक्षा दिली नाही. त्याची नवी कविताही पुढे आमच्या वाचनात आली नाही. त्याला वेळीच बोलावून घेतले असते तर काय झाले असते, हे आज सांगता येणार नाही. पण ते हसू आम्हाला आमच्या दंतकथेनेच शिकवले होते, एवढे मात्र कबूल करायला हवे. यंदा काव्यहेतू शिकवताना मम्मटाचे एकवचन आम्ही जरा थांबून समजावणार आहोत.