डोक्यातला पसारा

निबंध लिहायला बसलं की गुरुजी म्हणतात, "लक्ष द्या." पण लक्ष आधीच वाटून टाकलेलं असतं. माझं थोडं शेळीकडे, थोडं नळाला पाणी आलं का तिकडे, थोडं धाकटा भाऊ ओट्यावरून पडेल का याकडे. मग निबंधाला काय उरणार? 'माझा आवडता ऋतू' एवढं लिहून होतं आणि पुढे हात हलत नाही. मोठी माणसं त्याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. तो पसारा आहे. घरात पसारा असला की आई आधी आवरते, मग पाहुण्यांना बसा म्हणते. डोक्याचंही तसंच आहे.

माझा उपाय सोपा आहे. लिहिण्याआधी मी पाटीवर सगळं उतरवून काढते. शेळीला पाला. हंडा. सतराचा पाढा. मैत्रिणीशी कट्टी. हो, भांडणसुद्धा लिहावं, तेच सगळ्यात जास्त आठवतं. मग पाटी पालथी घालते. कामं पाटीवरून कुठे पळून जात नाहीत, म्हणून डोकं त्यांना धरून बसत नाही.

कोणी म्हणेल, बहिणाबाई चौधरी तर काम करता करताच गाणी रचत. खरं आहे. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने गाणी लिहून ठेवली. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. पण जात्यावर काम एकच असतं आणि ते हाताला पाठ असतं, म्हणून मन मोकळं राहत असेल, असं मला वाटतं. माझी आजीही डाळ निवडताना गुणगुणते. मधेच कोणी हाक मारली की तिचीसुद्धा ओळ तुटते, आणि मग ती जाम चिडते!

म्हणून माझी तक्रार कामाबद्दल नाही, हाकांबद्दल आहे. दादा पुस्तक घेऊन बसला की त्याला कोणी उठवत नाही. मी कविता करत बसले की म्हणतात, "नुसती बसलीस ना, मग जरा इकडे ये." कविता करणारा माणूस नुसता बसलेलाच दिसतो, त्याला मी काय करू?

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या सर्व आईवडिलांना माझी विनंती आहे. दिवाबत्तीनंतर अर्धा तास आम्हा मुलामुलींना हाक मारू नये. कामं शाळेतून आल्या आल्या एकदाच सांगावीत. मी ती पाटीवर लिहून घेईन. शेळीचं तर त्याआधीच उरकीन.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी