कच्चं खा, पण आधी पक्कं करा!

कुकीज ओव्हनमध्ये जाण्याआधी बाऊलला चिकटलेलं पीठ बोटाने चाटून खाणं हे कुकीज खाण्यापेक्षाही भारी असतं, असं मानणारा एक मोठा पंथ या जगात आहे. तुम्ही त्या पंथाचे असाल तर आजचा कॉलम तुमच्यासाठीच. आणि ‘छे, आम्ही नाही त्यातले!’ असं म्हणत असाल, तर जरा दिवाळी आठवा. शंकरपाळ्यांच्या परातीतून गोडसर पिठाची गोळी कोण पळवायचं? मैदा, तूप, साखर, दूध. नानकटाईचा मसालाही जवळपास तोच. म्हणजे कुकी डो हे नाव नवीन असलं तरी चोरी जुनीच आहे.

फरक इतकाच, की अमेरिकेत या चोरीला राजमान्यता मिळाली. बेन अँड जेरीज हे आइस्क्रीमवाले १९७८ पासून व्हर्मांट राज्यातल्या बर्लिंग्टन गावात दुकान चालवत होते. १९८४ मध्ये एका निनावी गिऱ्हाइकाने दुकानातल्या फळ्यावर सुचवलं, की आइस्क्रीममध्ये कुकीचं कच्चं पीठ घालून बघा. त्यांनी ते घातलं, लोक वेडे झाले आणि १९९१ मध्ये ते डब्यात भरून सगळीकडे विकायला आलं. पुढे २०१७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये फक्त कुकी डो विकणारं ‘डो’ नावाचं दुकान उघडलं. आइस्क्रीमसारखे स्कूप, कोनमध्ये किंवा कपात, आणि बाहेर ही लांब रांग! तिथून हे फॅड इन्स्टाग्रामवर बसून आपल्या फोनपर्यंत आलं.

आणि आपल्याला ते पटलंही चटकन. कारण उघड आहे. पीजीमध्ये किंवा भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या पब्लिककडे ओव्हन कुठे असतो? एक गॅस, एक मिक्सर, आणि नशीब चांगलं असेल तर फ्रिज. ओव्हनशिवाय होणारं डेझर्ट म्हटल्यावर आपले कान टवकारणारच.

पण बॉस, एक लोचा आहे

कच्चं पीठ नको म्हटलं की आपल्याला आधी अंडं आठवतं. अंडं काढून टाकलं की झालं, असा आपला समज. खरी गोम मात्र मैद्यात आहे. गहू शेतात उघड्यावर वाढतो. पक्षी, जनावरं, माती, पाणी या सगळ्यांशी त्याचा संबंध येतो. गिरणीत तो दळला जातो, शिजवला जात नाही. म्हणजे पाकिटातला पांढराशुभ्र मैदा कितीही स्वच्छ दिसला तरी तो कच्चा माल असतो, आणि त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू असू शकतात.

हे नुसतं घाबरवणं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत फ्रिजमधल्या तयार कुकी डोमुळे ३० राज्यांत सत्तरहून अधिक लोक ई. कोलायने आजारी पडले. तपास करणाऱ्यांचा संशय पिठावर गेला. २०१६ मध्ये तर थेट मैद्यामुळेच २४ राज्यांत ६३ जणांना त्रास झाला आणि बाजारातली मोठ्या प्रमाणावरची पाकिटं परत मागवावी लागली. तुम्हाआम्हाला चार दिवस पोट धरून झोपावं लागेल. पण लहान मुलं, गरोदर बायका आणि आजीआजोबा यांच्यासाठी हे प्रकरण फार गंभीर होऊ शकतं. आणि असला गोड डबा घरात किंवा ऑफिसात उघडला, की तो या सगळ्यांपर्यंत पोहोचतोच.

यावर रील्समध्ये एक तोडगा ठरलेला असतो : ‘मैदा दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये फिरवा, झाला सेफ!’ मंडळी, या फंड्यावर विश्वास ठेवू नका. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही. शिवाय कोरड्या पिठात जंतू जास्त चिवट होतात. ओल्या पदार्थात ज्या तापमानाला ते मरतात, त्याला कोरड्यात दाद देत नाहीत. घरी पीठ गरम करून ते सुरक्षित झालं असं धरून चालू नका, असं अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानेच सांगितलं आहे. दुकानातल्या कुकी डो आइस्क्रीममध्ये कारखान्यात प्रक्रिया केलेलं पीठ असतं. ती यंत्रणा आपल्या ओट्यावर नाही.

मग काय, स्वप्न संपलं?

अजिबात नाही! कारण न शिजवता पीठ खाण्यात आपण लोक अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहोत. सातूचं पीठ घ्या. गूळ आणि दूध घालून कालवलं की तयार. मेतकूट घ्या. मऊ भातावर तूप आणि वर मेतकूट, कुठे शिजवतो आपण ते? आपल्या आज्यांनी यामागचा नियम कधी सांगितला नाही, पण पाळला मात्र कटाक्षाने : आधी भाजायचं, मग दळायचं. पाश्चात्त्य बेकिंगमध्ये धान्य कच्चं दळतात आणि पीठ नंतर भट्टीत जातं. आपल्याकडे तसंच खायच्या पिठाचं धान्य आधीच खमंग भाजलेलं असतं.

म्हणून आपल्या कुकी डोचा हीरो आहे डाळं. तेच, चिवड्यातलं, ज्याला कुणी पंढरपुरी डाळं म्हणतं, कुणी फुटाण्याची डाळ. भाजून तयार असलेलं, येताजाता मूठभर तोंडात टाकतो ते. ऑफिस सुटल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही सहज मिळतं. मिक्सरमध्ये फिरवलं की मैद्याइतकं मऊ पीठ होतं आणि त्याला स्वतःचा एक छान भाजका वास असतो.

डाळ्याचा कुकी डो

साहित्य : डाळ्याचं पीठ १ कप, दुधाची पावडर पाव कप, बटर ७५ ग्रॅम, ब्राउन शुगर किंवा गुळाची पावडर अर्धा कप, व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा, उकळून गार केलेलं दूध १ ते २ मोठे चमचे, चॉकलेट चिप्स पाव कपाहून थोड्या जास्त.

कृती : डाळं मिक्सरमध्ये बारीक करून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. चाळणं टाळू नका, नाहीतर खाताना दाताखाली रवाळ लागेल. बटर फ्रिजबाहेर काढून बोट रुतेल इतकं मऊ होऊ द्या, पण वितळवू नका. त्यात साखर घालून चमच्याने ३-४ मिनिटं फेटा. रंग फिकट झाला, मिश्रण हलकं झालं की व्हॅनिला घाला. मग डाळ्याचं पीठ आणि दुधाची पावडर घालून हाताने एकत्र करा. दूध एकदम ओतू नका. एक चमचा घालून बघा, गोळा वळला की थांबा. शेवटी चॉकलेट चिप्स. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळा. १५-१६ सहज होतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आपलं नेहमीचं टेबल बटर खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. पांढरं लोणी किंवा बिनमिठाचं बटर वापरत असाल तर चिमूटभर मीठ हवंच. त्याशिवाय तो कुकी डोचा टिपिकल गोड-खारट किक येत नाही. दोन, साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटत बसू नका. ती हलकीशी करकर हीच तर यातली मजा आहे. पिठीसाखर घातलीत तर जे होईल ते चविष्ट असेल, पण लाडू असेल!

डाळं नसेल तर

बिस्किटं : ती आधीच भाजलेली, म्हणजे प्रश्न मिटला. २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा बारीक चुरा, २ चमचे कोको पावडर, १ चमचा मऊ बटर आणि ४०० ग्रॅमच्या डब्यातलं साधारण अर्धं कंडेन्स्ड मिल्क. मळा, वळा, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. मिक्सर नसलेल्यांनी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने कुटावीत. बॉसचा राग काढायची ही उत्तम वेळ.

काबुली चणे : जिमवाल्यांसाठी. कुकरमध्ये मऊ शिजवलेले १ कप चणे कोरडे पुसून घ्या. २ मोठे चमचे पीनट बटर, ३ मोठे चमचे गुळाची पावडर, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरमधून काढा. चिप्स मात्र नंतर घाला. चण्यांची सालं काढलीत तर कुणाला पत्ताही लागणार नाही. ऑफिसात वाटण्याआधी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, तेवढं विचारा.

तिन्ही प्रकार हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये. डाळ्याचे आणि बिस्किटांचे गोळे ४-५ दिवस, चण्यांचे दोन दिवसांत संपवा. मुंबईच्या उकाड्यात डबा तासन् तास डेस्कवर ठेवू नका, दुपारी खायचा असेल तर पँट्रीतल्या फ्रिजमध्ये टाका. आणि उरलेला गोळा ओव्हनवाल्या मैत्रिणीकडे नेऊन भाजायच्या भानगडीत पडू नका. त्यात ना मैदा, ना फुगवणारी बेकिंग पावडर. कुकीज होणार नाहीत, नुसतं बटर पसरेल.

तेव्हा येत्या शनिवारी वाण्याकडून पाव किलो डाळं आणा. उरलेल्याचा चिवडा करा. आणि पुढच्या वेळी कुणी मैद्याचं कच्चं पीठ चमच्याने पुढे केलं, तर हसून नको म्हणा आणि आपला डबा उघडा. रेसिपी मागितलीच, तर द्या बिनधास्त!