पेटी कोणत्या खोलीत आहे?

घरातले इंटरनेट मंद चालते ही तक्रार आता लोकलच्या उशिराइतकी नित्याची झाली आहे. तिच्यावरचा उपायही ठरलेला आहे: कंपनीला फोन करावा, चार शब्द सुनवावेत आणि पुढल्या महिन्यापासून वरच्या दराची योजना घ्यावी. आम्हीही दोनदा हेच केले. अनुभवान्ती आमचे मत असे झाले आहे की, पुष्कळ घरांत हा खर्च वाया जातो. विकत घेतलेला वेग उंबरठ्यापर्यंतचा असतो. उंबरठ्याच्या आत तो कुणाच्या वाट्याला किती यावा हे घराच्या भिंती आणि घराची रीत मिळून ठरवतात. भिंतींचा विचार तंत्रज्ञ करतातच. रीतीचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी करावा, कारण घराची आतली व्यवस्था वाचणे हे आपले जुनेच काम आहे.

आमचे घर विठ्ठलवाडीला. मध्य रेल्वेवर कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघाले की पहिले स्थानक हेच, पुढचे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या भागात लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तिच्या बराकींत राहिली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एका छपराखाली आडोसे घालून अनेक बिऱ्हाडे थाटण्याची सवय या परिसराला तेव्हापासूनची आहे. पुढे इमारती उठल्या, तरी खोल्या लहान, भिंती पुष्कळ आणि समोरच्या इमारतीची खिडकी हाताच्या अंतरावर, ही रचना बऱ्याच ठिकाणी कायम राहिली.

आमच्याकडे बाहेरची खोली, तिच्यामागे निजायची खोली आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर, अशा तीन खोल्या एका ओळीत आहेत. जोडणी द्यायला आलेल्या मुलाने विचारले, "राउटर कुठे लावू?" आम्ही टीव्हीकडे बोट दाखवले. टीव्हीच्या समोर आमची खुर्ची. या प्रश्नोत्तराला दोन क्षणही लागले नसतील. पुढची तीन वर्षे मात्र त्या दोन क्षणांनी ठरवून टाकली.

आमची सून बाहेरून मराठीत एम. ए. करते. तिच्या अभ्यासाची वेळ रात्रीची भांडी आटोपल्यानंतरची, आणि जागा स्वयंपाकघरातली. निजायच्या खोलीत नातवाला झोपवलेले असते आणि बाहेरच्या खोलीत आम्ही बातम्या ऐकत असतो. ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन आणि त्यावर अडखळत चाललेले व्याख्यान, असा तो अभ्यास. व्याख्यान तुटले की ती फोन घेऊन दाराच्या चौकटीत जाऊन उभी राही. आम्ही हे रोज पाहत होतो आणि कंपनीला दोष देत होतो. वेग एकदा वाढवला, पुन्हा वाढवला. शेवटी तीच एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्या खुर्चीपाशी आधीही पुरेसं होतं. वाढलं ते तिथंच वाढलं."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. राउटर ही एक छोटी रेडिओ-पेटी आहे. तिच्या लहरी अंतरागणिक झपाट्याने विरळ होतात. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश उरते. मग वाटेत भिंती येतात. विटेची भिंत काही शक्ती खाते, सळया घातलेले काँक्रीट त्याहून अधिक. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. आमच्या घरात पेटी आणि ओटा यांच्या सरळ रेषेत आधी आरसा बसवलेले लोखंडी कपाट होते, मग स्वयंपाकघराची भिंत, मग स्टीलच्या डब्यांची मांडणी आणि पाण्याचे पिंप. लहरींना अडवायचे ठरवून कुणी घर लावले असते तरी याहून चांगले लावता आले नसते.

शेजाराचा वाटाही यात मोठा आहे. घरगुती वायरलेस प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. त्या भिंती त्यातल्या त्यात बऱ्या पार करतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी साधारण सहा सेंटिमीटरच्या. त्यांचा वेग अधिक, पण भिंतीपुढे त्या लवकर नमतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मुक्त झाला. गावाच्या गायरानासारखा तो सर्वांचा आहे, आणि गायरानाचे होते तेच त्याचेही होते. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन: १, ६ आणि ११ क्रमांकाच्या. दाट वस्तीत फोन उघडला की दहा-वीस घरांच्या जोडण्यांची नावे दिसतात. ती सारी याच तीन वाटांवर दाटीवाटीने उभी असतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वायरलेसची उपकरणे एकमेकांवर ओरडत नाहीत. एक बोलत असता त्याच वाटेवरची बाकीची थांबतात. चाळीतल्या सामाईक नळावरच्या रांगेसारखा हा प्रकार आहे. नळाला पाणी कितीही येवो, रांग लांब असेल तर हंडा उशिराच भरतो. आणि ज्याच्यापर्यंत लहर क्षीण पोचते, ते उपकरण तेवढाच मजकूर न्यायला कितीतरी अधिक वेळ नळ अडवून धरते. म्हणजे स्वयंपाकघरातला फोन धडपडत असतो तेव्हा बाहेरच्या खोलीलाही थांबावे लागते. मागच्या खोलीची उपेक्षा पुढच्या खोलीला भोवते. सामाजिक न्यायाच्या चर्चेत हे वाक्य कुणी म्हटले तर आपण त्याला भाबडे म्हणू. रेडिओ-लहरींच्या बाबतीत ते मोजून दाखवता येते.

वेग नेमका किती लागतो, याचाही हिशेब आपण क्वचितच करतो. सरकारी व्याख्येने २००४ साली २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते; २०२३ पासून ती मर्यादा २ एमबीपीएस झाली. संगणकीय अक्षरांतला मजकूर वाचायला याहून कमीही चालते. मराठी विश्वकोशातली नोंद किंवा मोल्सवर्थच्या कोशातला एखादा शब्द पाहायला फारसे काही लागत नाही. पण जुनी मराठी पुस्तके महाजालावर बहुधा पानांच्या छायाप्रतींच्या रूपात आहेत आणि त्या जड असतात. चाळीस मेगाबाइटचे पुस्तक १०० एमबीपीएसने तीन-चार सेकंदांत उतरते, २ एमबीपीएसने पावणेतीन मिनिटांत. ही पावणेतीन मिनिटे सोसता येतात. मध्येच तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे मात्र सोसवत नाही. अभ्यासाला लागते ते सातत्य, आणि ते योजनेच्या आकड्यापेक्षा पेटीच्या जागेवर अधिक अवलंबून असते.

म्हणून उपायांचा क्रम आम्ही असा सुचवू. प्रथम फोन हातात घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक जण जिथे बसतो तिथला वेग पाहावा; पेटीजवळचा आकडा हा घराचा आकडा नव्हे. मग पेटी घराच्या मध्याकडे, उंचावर, उघड्यावर आणावी. टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर ती ठेवू नये. तिचे दांडे उभे ठेवावेत, कारण लहर दांड्याच्या टोकातून निघत नाही, त्याच्या चहू अंगांनी आडवी पसरते. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते, तेव्हा तिच्या शेजारी पेटी नको. पेटीच्याच खोलीतल्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर न्यावे आणि भिंतीपलीकडच्यांना २.४ मोकळे ठेवावे. टीव्हीला शक्य तर तारेने जोडावे. जो जागचा हलत नाही त्याने हवा अडवण्याचे कारण नाही.

एवढे करूनही कोपरा कोरडा राहिला तर लोक रिपीटर आणतात आणि तो त्या कोरड्या कोपऱ्यातच लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? तो मधल्या जागी, लहर अजून सशक्त असेल तिथे हवा. शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुन्हा सांगणारा रिपीटर वेग जवळजवळ निम्मा करतो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेने लॅनची तार मागच्या खोलीपर्यंत नेऊन तिच्या टोकाला दुसरी पेटी लावणे केव्हाही बरे. मोठी योजना घ्यावी का, हा प्रश्न या सर्वांनंतरचा.

यातले काहीही कठीण नाही. मग आम्हाला तीन वर्षे का लागली? या प्रश्नापाशी आम्ही अवघडून थांबतो. व्हर्जिनिया वुल्फचा 'अ रूम ऑफ वन्स ओन' हा १९२९ सालचा निबंध आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हे त्यातले मागणे आम्ही फळ्यावर लिहीत असू. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारातून निवेदिकेला परत पाठवले जाते, तो प्रसंग रंगवून सांगत असू. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकावर बोलताना, शिकणाऱ्या सुनेला घरात काय काय ऐकून घ्यावे लागले यावर आमचा आवाज चढत असे. आमच्या घरात कुणीही सुनेला बोलले नाही. तिला वाचू नको असे म्हणण्याची गरजच पडली नाही. पेटी आमच्या खुर्चीपाशी होती, एवढ्याने काम भागत होते. मनाई करणारा माणूस दिसतो, त्याच्याशी भांडता येते. फर्निचराशी कोण भांडणार?

शिक्षकांनी हे विशेष मनावर घ्यावे असे आम्हाला वाटते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत वर्ग पडद्यावर भरले, तेव्हा "नेटवर्क नव्हते" हे वाक्य सबबींच्या खात्यात टाकणाऱ्यांत आम्हीही होतो. ज्या विद्यार्थिनीचा आवाज तुटत होता ती घरात कुठे बसली आहे, हे आम्ही विचारले नाही. तिच्या घरात जोडणी होती, भावाच्या टेबलापाशी ती उत्तम चालत असेलही. आजही निबंध, टिपणे, परीक्षेचे अर्ज, सारे घरूनच पाठवायचे असते. एखाद्या घरी इंटरनेट आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. ते घरातल्या कोणापर्यंत पोचते, हे विचारायला हवे.

आमच्याकडची पेटी आता निजायच्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वर आहे. लोखंडी कपाट बाजूच्या भिंतीला सरकवले. टीव्हीला तार जोडली. वाढवलेली योजना कमी केली आणि तरीही ओट्यावरचे व्याख्यान अखंड चालते. मात्र लहर स्वयंपाकघरात पोचली म्हणून अभ्यासाची जागा स्वयंपाकघरच असावी, असे काही ठरत नाही. रात्री नऊनंतर बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद ठेवून टेबल तिला मोकळे करून द्यायचे, असे आम्ही कबूल केले आहे. पेटी हलवायला अर्धा दिवस लागला. हे कबूल केलेले पाळणे आम्हाला अजूनही अवघड जाते आहे.