फ्युएल पंप मोठा नको, मापाचा हवा

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या जपणारे आणि हौसेने त्यांच्या इंजिनाची ताकद वाढवणारे बरेच जण आपल्याकडे आहेत. कुणाची जिप्सी, कुणाची पद्मिनी, कुणाची जीप. कॅमशाफ्ट बदलला जातो, हेडचं काम होतं, वेबरचे जोड कार्ब्युरेटर चढतात. या सगळ्यावर पाण्यासारखा पैसा जातो आणि फ्युएल पंप मात्र अगदी शेवटी, दुकानात जो मिळेल तो घेतला जातो. या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की पंप घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. चुकीच्या पंपाने गाडी रस्त्यात बंद पडते, एवढंच नाही. ती पेटूही शकते.

पंप खरंच बदलायला हवा का, ते आधी ठरवा. घाट चढताना गाडी गचके खाते आणि पाय उचलल्यावर सुधारते, याचा अर्थ बहुधा कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर रिकामा होतोय. पण दोष पंपाचाच असेल असं नाही. चोंदलेला फिल्टर, टाकीतला गंज, हवा ओढणारी चिरलेली नळी यांचीही तीच लक्षणं असतात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर आत पोकळी तयार होते आणि कुठल्याही पंपाला पेट्रोल ओढणं जड जातं. गाडी अशी बसली की झाकण उघडून बघा. हवा फस्सकन आत गेली, तर दुखणं तिथेच आहे.

इंजिन कंपनीचंच असेल, किंवा ताकद थोडीच वाढवली असेल, तर कॅमशाफ्टवर चालणारा मूळचा मेकॅनिकल पंपच ठेवा. त्याचा दाब आतली स्प्रिंग ठरवते, आणि इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबतो. हे फार मोठं संरक्षण आहे. फक्त डायफ्राम वेळेवर बदला. काही पंपांत तो फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग खातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवूच नका.

इलेक्ट्रिक पंप घ्यायचाच असेल, तर पहिला प्रश्न दाबाचा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि छोटी नीडल सीटवर बसून वाट बंद करते. ही नीडल थोडाच दाब पेलते. वेबरच्या साइडड्राफ्ट कार्ब्युरेटरला साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतात, होलीच्या चार बॅरलवाल्याला पाच ते सात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पीएसआयच्या वर काम करतो. 'जास्त दाब, जास्त पिकअप' म्हणून भंगारातून तो पंप काढून बसवला, तर नीडल उघडीच राहील आणि ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडेल. हा जुगाड कुणी कितीही खात्रीने सुचवला तरी करू नका.

दुसरा प्रश्न, पेट्रोल किती लागणार? पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे ताशी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. म्हणजे १०० हॉर्सपॉवरला ताशी साधारण ३० लिटर. आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने सहा-सात टक्के जास्त धरा. वर पाव भाग राखीव ठेवा. हिशेब ताशी ४० लिटरवर येतो. डब्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या नळीचा असतो, म्हणून तुमच्या दाबाला तो पंप किती देतो हे विचारूनच घ्या. गरजेच्या दुप्पट-तिप्पट पंप घेतला तर ताकद वाढत नाही; पेट्रोल तापतं, आवाज वाढतो आणि रेग्युलेटरवर ताण येतो.

आता जागा. इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि मे महिन्याच्या उन्हात तसं पेट्रोल नळीतच उकळून वेपर लॉक होतो. म्हणून पंप मागे टाकीजवळ, जमल्यास टाकीच्या तळापेक्षा खाली, रबरी बुशवर आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बसवा. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. दाबाचा रेग्युलेटर कार्ब्युरेटरजवळ लावा. टाकीकडे परतीची नळी असलेला मिळाला तर उत्तम, कारण फिरतं पेट्रोल थंड राहतं. मेकॅनिकल पंप काढलात तर त्या जागी गास्केटसह प्लेट लावून भोक बंद करा.

नळीत कंजूषी नको. चॅसिसच्या कडेने धातूचा पाइप न्या आणि रबर फक्त जोडांपुरतं ठेवा. गाडीच्या आतून पेट्रोलची नळी कधीही नेऊ नका. जुन्या जातीचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, चिरतं. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या, आणि पंपाचा डायफ्राम व सीलही त्याच प्रतीचे आहेत ना, हे दुकानदाराला विचारा. इंजिनावर लोंबणारा प्लॅस्टिकचा फिल्टर काढून टाका.

सगळ्यात जास्त आग्रह वायरिंगचा. पंपाला फ्यूज आणि रिले लावून बॅटरीवरून स्वतंत्र वायर द्या, अर्थ चॅसिसच्या खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घ्या. पंप नुसत्या इग्निशनच्या चावीवर ठेवू नका. अपघातात इंजिन बंद पडलं, नळी तुटली आणि चावी चालूच राहिली, तर तो पंप गाडीखाली पेट्रोल ओतत राहील. ऑइलचा दाब गेल्यावर, किंवा इग्निशनचे ठोके थांबल्यावर पंप तोडणारा स्विच हवाच. ऑइलचा स्विच लावलात तर स्टार्टर मारताना पंपाला वेगळी वाट द्यावी लागते. इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगा.

शेवटी मोजल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना, अग्निशामक हाताशी ठेवून कार्ब्युरेटरकडची नळी मापाच्या धातूच्या भांड्यात सोडा. ताशी ४० लिटरला अर्ध्या मिनिटात साधारण ३३० मिली यायला हवं. मग नळी जोडून गेजवर दाब बघा, आणि इंजिन चालू असताना पंपाच्या टोकांवर व्होल्टेज तपासा. बॅटरीपेक्षा ते बरंच कमी असेल तर वायर बारीक आहे. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा बघा.

गॅरेजवाल्या बंधूंनाही सांगणं आहे, की गिऱ्हाईक घाई करत असलं तरी कट-ऑफ स्विच लावल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नका. आणि मालकांनो, पैसे कमी पडत असतील तर दुसरा कार्ब्युरेटर पुढच्या वर्षी घ्या. रेग्युलेटर, रिले आणि चांगली नळी मात्र आजच घ्या.