शोधाची मजुरी

घटस्थापनेच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही मोठ्या रस्त्याने गेले असता, पावसाळाभर ताडपत्रीखाली उभे राहून अंगावर शेवाळाची आणि गंजाची पुटे चढलेले जुने मालट्रक गॅरेजांच्या अंगणांत एकापाठोपाठ एक येऊन लागलेले दिसतात. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो, कारखान्याशी ऊस-वाहतुकीचा करार झालेला असतो, टोळीच्या मुकादमास उचल पोचती झालेली असते. आणि ज्या वाहनाच्या भरवशावर हा सारा व्यवहार चालावयाचा, त्याच्या टाक्यांत हवेचा दाब टिकतो की नाही, हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी, बहुधा खंडेनवमीची झेंडूची माळ बोनेटवर चढल्यानंतर, कोणाच्या तरी मनात येतो.

जुन्या ट्रकांविषयी आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. ती गाडी सरसकट भंगारात घालावी, हे शहरातल्या सुशिक्षिताचे मत. आणि जुन्या गाडीचे लोखंड जाड, तिला काय होणार, हे मालकाचे. दोन्ही मतांत विचाराचे श्रम वाचतात, एवढाच त्यांचा गुण. ट्रकाचे लोखंड खरोखरच दीर्घायुषी असते. परंतु ब्रेकच्या यंत्रणेत लोखंडाइतकेच रबर असते, आणि रबराचे आयुष्य चेसिसच्या आयुष्याशी बांधलेले नसते. चार महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीत सील कडक होतात, वॉल्वमधल्या लहान गोट्या आपल्या बैठकीला चिकटून बसतात आणि टाकीच्या तळाशी राहिलेले पाणी आतल्या पत्र्याला खात राहते. धावणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर गळू लागते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो किलोमीटरच्या आकड्यावरून ट्रकाच्या प्रकृतीचे अनुमान करीत नाही.

हवेच्या ब्रेकचे तत्त्व ज्यांना परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने 1869 साली आगगाडीसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्याची पहिली योजना सरळ होती: इंजिनावर हवा दाबून भरावी, ती नळीवाटे डब्यांकडे पाठवावी आणि तिच्या जोरावर चाके आवळावीत. या योजनेतील वैगुण्य असे की नळी मध्येच निखळली तर हवा निघून जाई आणि ब्रेक लागतच नसे. म्हणून 1872 साली त्याने साऱ्या रचनेचा अर्थच उलटा केला. नळीत दाब आहे तोवर ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक आपोआप लागावेत, अशी व्यवस्था त्याने सिद्ध केली. रेल्वेचे अभियंते अशा बाबतीत किती साशंक असतात हे पाहावयाचे असेल तर बोरघाटाच्या लोहमार्गावर पाहावे. तेथे उतारावर अनावर झालेली गाडी बाजूला घेऊन चढावर थांबविण्यासाठी खास रूळ टाकून ठेविलेले आहेत.

आजच्या ट्रकामध्ये या दोन्ही पिढ्या एकत्र नांदतात, आणि गळतीचे सारे कोडे त्यातूनच उत्पन्न होते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. दाब दर चौरस सेंटिमीटरला सामान्यतः 7 ते 8 किलोग्रॅमपर्यंत चढला की अनलोडर वॉल्व फुसकारा टाकून कॉम्प्रेसरला विश्रांती देतो. चालकाने पाय दाबला की फूट वॉल्वमधून हवा प्रत्येक चाकाजवळच्या डब्यात जाते, तेथील रबरी पडदा दांडी पुढे ढकलतो, दांडी स्लॅकला, म्हणजे ब्रेकच्या तरफेला, फिरवते आणि लायनर ड्रमवर आवळले जातात. ही झाली 1869 ची रीत: हवा असेल तर ब्रेक. परंतु मागच्या चाकांवरचा डबा, ज्याला गॅरेजांत बूस्टर म्हणतात, तो दुहेरी असतो. त्याच्या दुसऱ्या कप्प्यात एक जबरदस्त स्प्रिंग दाबून बसविलेली असते आणि तिला हवाच रोखून धरते. हँडब्रेक ओढला, किंवा दाब फार उतरला, की ती स्प्रिंग सुटते आणि चाके धरते. ही 1872 ची रीत. एका पत्र्याच्या डब्यात, मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक सील, एवढ्या अंतरावर ही दोन परस्परविरुद्ध तत्त्वे शेजारी राहतात.

आता त्या सीलाची कथा सांगतो, कारण या लेखाचे प्रयोजनच ती आहे. मध्यंतरी एका गॅरेजात एक जुना दहाचाकी ट्रक आला होता. तक्रार अशी की भरलेली हवा टिकत नाही आणि इंजिन चालू असतानाही केबिनच्या खालून अखंड फुसफुस ऐकू येते. तरुण कारागिराने वाकून पाहिले. फूट वॉल्वच्या तळाशी हवा सोडण्याचे जे तोंड असते त्यातूनच हवा येत होती. त्याने वॉल्व उतरविला, नवे किट घातले, वॉल्व पुन्हा चढविला, फुसफुस कायम. किट नकली असावे असे ठरून अख्खा नवा वॉल्व आणण्यात आला. फुसफुस तरीही कायम. मालकाचा चेहरा दर खेपेस एकेक छटा काळवंडत होता. कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पिणारे वृद्ध मिस्त्री तेवढ्यात म्हणाले, “अरे पोरा, आधी हँडब्रेक ओढ, आणि मग कान लाव.” हँडब्रेक ओढला आणि आवाज थांबला. दोष फूट वॉल्वमध्ये नव्हताच. मागच्या एका बूस्टरच्या मधल्या भिंतीतील सील गेले होते. स्प्रिंगला रोखणारी हवा त्या फटीतून शेजारच्या कप्प्यात शिरत होती, तेथून पायाच्या ब्रेकच्या नळीत उलटी चालत पुढे येत होती आणि फूट वॉल्वचे तोंड मोकळे सापडताच बाहेर पडत होती. हँडब्रेक ओढल्याबरोबर स्प्रिंगच्या कप्प्यातील हवाच निघून गेली. मग गळणार काय? ज्या गाड्यांत मागे रिले वॉल्व असतो तेथे हीच हवा त्या वॉल्वच्या तोंडातून निघते, आणि मग निष्कारण रिले वॉल्व बदलले जातात. उलट तपासणीही तितकीच निर्णायक असते: हँडब्रेक ओढलेला ठेवून पाय दाबावा, आणि हँडब्रेकच्या बाजूच्या तोंडातून हवा येऊ लागली तर तीच भिंत फुटली आहे असे खुशाल समजावे.

आवाज जेथे येतो तेथे दोष असतोच असे नाही, हे एकदा मान्य केले की गळती शोधण्याच्या कामाला एक शिस्त येते. गाडी सपाट जागेवर घ्यावी, चाकांना ठोकळे लावावेत, अनलोडर फुसकारा टाकीपर्यंत हवा भरावी आणि इंजिन बंद करावे. नंतर हँडब्रेक सोडून, ब्रेकवर पाय न ठेवता, पूर्ण एक मिनिट काटा पाहावा. अमेरिकेत अवजड वाहनाचा परवाना घेणाऱ्यास जी नियमपुस्तिका पढावी लागते तीत एकट्या ट्रकासाठी हे प्रमाण दिलेले आहे: पाय सुटा असताना मिनिटाला दर चौरस इंची 2 पाउंड, आणि पाय दाबून धरल्यावर, पहिली घसरण वगळून, 3 पाउंड, म्हणजे आपल्या काट्यावर अनुक्रमे सुमारे 0.14 आणि 0.21 किलोग्रॅम. याहून जास्त उतार पडला तर गाडी रस्त्यावर काढू नये. काटा केवळ पाय दाबल्यावरच उतरत असेल तर संशय पायाच्या ब्रेकच्या बाजूवर: डब्यांचे पडदे, हौज पाईप, फूट वॉल्वची एक बैठक. पाय न दाबताही उतरत असेल तर हँडब्रेक ओढून पाहावे; उतार थांबला तर स्प्रिंगची बाजू, न थांबला तर टाक्या, त्यांचे ड्रेन कॉक, एकेरी वॉल्व आणि कॉम्प्रेसरकडून येणारी नळी. दोन काटे असतील तर कोणता उतरतो त्यावरून हवेच्या दोन मार्गांपैकी कोणता गळतो हेही कळते. एवढे झाल्यावर, आणि एवढे झाल्यावरच, साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश हाती घ्यावा. आरंभीच सगळ्या गाडीला साबण फासत सुटणारा कारागीर शेवटी फक्त गाडी धुतो.

हे काम पहाटे करावे असे जाणते मिस्त्री सांगतात. शेजारी ग्राइंडर सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत कानाला जे कळते ते दुपारी साबणालाही कळत नाही.

टाकीतून निघणाऱ्या पाण्याकडेही थोडे लक्ष द्यावे. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते टाकीच्या तळाशी साचते. स्वच्छ पाणी हे केवळ ऋतूचे लक्षण आहे आणि रोज ड्रेन कॉक उघडून ते सोडून द्यावे. परंतु ते दुधाळ आणि तेलकट निघाले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असे समजावे, कारण हे तेल पुढे जाऊन प्रत्येक सीलाची खराबी करते. आणखी एक बारीक गोष्ट: निपलच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळण्याची जी रीत पडली आहे तीत त्या टेपचे तुकडे सुटून वॉल्वच्या बैठकीत अडकतात, आणि एक गळती बंद करताना दुसरी जन्माला येते.

मग इतके स्पष्ट शास्त्र असताना बहुतेक गॅरेजांत सुटे भाग बदलत बसण्याचाच परिपाठ का? कारागीर अडाणी असतो म्हणून, हे उत्तर मला मान्य नाही. माझ्या मते याचे कारण पावतीवर आहे. पावतीवर किटची किंमत असते, वॉल्वची किंमत असते, उतरविण्या-चढविण्याची मजुरी असते. परंतु तासभर गाडीखाली निजून, एकेक बाजू बंद करून पाहून, दोष नेमका कोठे आहे हे ठरविण्याची मजुरी कोणत्याही पावतीवर मी पाहिलेली नाही. मालकास विचारावे तर तो म्हणतो, “काही बदललेच नाही, तर पैसे कशाचे?” म्हणजे वृद्ध मिस्त्र्यांनी चहा पिता पिता जे सांगितले त्याचे मोल शून्य, आणि त्या पोराने निष्कारण बदललेल्या वॉल्वचे मोल रोख. ज्या कामाला दाम नाही ते काम बाजारातून नाहीसे होते. त्यात कारागिराचा अपराध शोधणे अन्यायाचे आहे.

या कृपणतेचे पर्यवसान ज्यात होते तो प्रकार अधिक भयंकर आहे. हंगाम सुरू असतो, फडात टोळी खोळंबलेली असते, एक बूस्टर गळत असतो. तेव्हा त्या चाकाची नळी खिळ्याने किंवा बोल्टने बंद केली जाते, बूस्टरची स्प्रिंग मागून बोल्ट फिरवून कायमची दाबून ठेविली जाते, आणि गाडी धावू लागते. काटा आता उत्तम टिकतो! गळती गेली, तिच्याबरोबर एका चाकाचा ब्रेकही गेला, आणि त्या चाकाचा हँडब्रेकही. वेस्टिंगहाऊसने दाब गेला तर गाडी थांबावी म्हणून केलेली योजना आपण एका बोल्टने रद्द केली. रस्त्यात अडकलेली गाडी ओढून नेण्यापुरता स्प्रिंग दाबणाऱ्या त्या बोल्टचा उपयोग योग्यच आहे, त्यासाठीच तो दिलेला असतो. परंतु तात्पुरती म्हणून केलेली ही तजवीज हंगाम संपेपर्यंत तशीच राहते. खंबाटकीच्या किंवा कुंभार्लीच्या उतारावर, उसाच्या मोळ्या हौद्याच्या वर रचलेल्या असताना, उरलेली चाके जास्तीचा भार घेतात, त्यांचे ड्रम तापून फुगतात, दांडीला अधिक लांब यावे लागते आणि जोर नेमका हवा तेव्हा कमी पडतो. त्यात डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केले, तर कॉम्प्रेसरही थांबला. मग जी काही हवा टाकीत असेल तेवढीच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात “ब्रेक निकामी झाल्याने” एवढेच छापून येते.

त्या स्प्रिंगविषयी एक ताकीद येथेच द्यावयास हवी. बूस्टरचा पट्टा, आतली स्प्रिंग बोल्टने बंदिस्त केल्यावाचून, कोणीही कदापि सोडू नये. तिच्यात शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो आणि त्याने माणसे जायबंदी झाली आहेत, मेलीही आहेत. स्वस्तात डबा खोलून नुसते सील बदलण्याच्या फंदात न पडता तो डबा सबंध बदलावा, हे मी काटकसरीच्या विरुद्ध जाऊनही सांगेन.

माझी सूचना अल्प आहे. गॅरेजच्या पावतीवर “गळतीशोध” असे एक वेगळे कलम असावे, आणि त्याच्यासमोर दोन आकडे लिहावेत: दुरुस्तीपूर्वी एका मिनिटात काटा किती उतरला आणि नंतर किती. साखर कारखान्यांच्या शेती विभागाने वाहतुकीचा करार करताना विम्याच्या आणि पासिंगच्या कागदांबरोबर ही पावतीही दप्तरी घ्यावी. हंगामाच्या गर्दीत यासाठी अर्धा दिवस कोठून काढावयाचा, असे मुकादम विचारतील. परंतु पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत ट्रक नुसता उभाच असतो. पैसे कोणी द्यावयाचे, यावर मात्र खरा वाद होईल, आणि कारखान्याने ते वाहतूक-बिलात धरावेत असे मालक म्हणतील. मला ते पटत नाही. गळक्या गाडीचा कॉम्प्रेसर विश्रांती न मिळता दिवसभर हवा भरीत राहतो, तापतो, त्याच्या नळीत काजळी धरते, रिंगा झिजून तेल टाक्यांत उतरू लागते. आणि हे सारे शेवटी मालकाच्याच खिशातून जाते. ही मजुरी त्याने द्यावी, आणि हंगामापूर्वी द्यावी.

— वाटसरू